घरच्या तव्यावर पातळ हॅम्बर्गर: चकती आधी गोठवा, मग भाजा

घरी बर्गर करायचा म्हटलं की बहुतेक पाककृती खिम्यात आलं-लसूण, कोथिंबीर, अंडं आणि ब्रेडचा चुरा घालायला सांगतात. त्यातून होतं ते कटलेट. कटलेट-पाव गोव्यात गाड्यावर चांगला मिळतो, त्यासाठी घरी एवढा खटाटोप नको. इथे सांगतेय तो अमेरिकेतला साधा, पातळ हॅम्बर्गर. मॅक्डोनल्ड बंधूंनी १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला १५ सेंटला विकायला काढला, तो. त्याच्या एका पौंड मांसात दहा चकत्या बसतात, म्हणजे एक चकती साधारण ४५ ग्रॅमची. त्यात मसाला नसतो. मांस, मीठ, मिरी, बस्स. मॅक्डोनल्ड्स भारतात १९९६ साली आलं ते बीफ-पोर्क वगळूनच, त्यामुळे हा मूळ प्रकार आपल्याकडे फारसा कुणी चाखलेला नाही. बर्गर म्हणजे चुरा लावून तळलेली जाड पॅटी, असंच सगळे धरून चालतात.

मांस कुठलं घ्यायचं ते ज्याने त्याने घरचं बघून ठरवावं. मूळ बर्गर बीफचा. ज्यांच्याकडे ते चालतं त्यांनी तेच घ्यावं, कृती तीच. आमच्याकडे मटण चालतं, म्हणून पुढचं सगळं बकऱ्याच्या मटणाला धरून सांगते. मटणवाल्याकडून खांद्याचं मांस घ्या आणि चरबी वेगळी मागून घ्या: ८०० ग्रॅम मांसाला २०० ग्रॅम चरबी. नुसत्या मांडीच्या मांसाचा बर्गर कोरडा होतो, चरबीला घाबरायचं असेल तर हा पदार्थ करू नका. खिमा यंत्रातून दोनदा काढून घ्या. कोंबडीचा करायचा असेल तर कातडीसकट मांडीचं मांस घ्या, छातीचं अजिबात नको.

आणि खिमा धुऊ नका. धुवायचंच असेल तर अख्खे तुकडे धुवा, निथळून फडक्याने कोरडे करा आणि मग दळून आणा. दळल्यावर धुतलेला खिमा पाणी धरून ठेवतो. तव्यावर ते पाणी सुटतं, चकती आपल्याच वाफेत शिजते आणि वर तपकिरी पापुद्रा येतच नाही. घरोघरी हीच गोष्ट बिघडते आणि दोष मात्र तव्याला मिळतो.

मीठसुद्धा खिम्यात घालायचं नाही. मिठाने मांसातली प्रथिनं सुटी होऊन एकमेकांना चिकटतात, खिमा लवचीक, रबरी होतो. शीख कबाब सळईवर टिकायला ते हवंच असतं. बर्गर मात्र दाताखाली सुटसुटीत मोडायला हवा. मीठ-मिरी भाजताना वरून टाकायची.

आता खरं काम: चकती. या टप्प्याने मला बराच काळ दाद दिली नव्हती. हाताने थापलेली चकती कधीच पुरेशी पातळ होत नाही. झालीच तर उचलताना फाटते. तव्यावर टाकली की आक्रसते, मधे फुगते, कडा वर उचलल्या जातात, आणि दहा सेंटिमीटरच्या बनमधे सात सेंटिमीटरचा गोळा उरतो. यावर उपाय दोनच. चकती बनपेक्षा मोठी आणि सगळीकडे सारख्या जाडीची दाबायची, आणि दगडासारखी गोठवून तशीच थेट तापल्या तव्यावर टाकायची.

खिमा फ्रिजमधे थंडगार करून घ्या, नाहीतर बोटांच्या उबेने चरबी विरघळून लिबलिबीत होतो. ४५ ग्रॅमचे गोळे वजन करून घ्या. अंदाजाने घेऊ नका, पाच ग्रॅमचा फरकही जाडीत दिसतो. गोळा मळायचा नाही, सैलसर गोळा केला की पुरे. बटर पेपरचे पंधरा सेंटिमीटरचे चौकोन कापून ठेवा, एक खाली, एक वर.

पुरी दाबायचं यंत्र असेल त्यांना तेच वापरावंसं वाटेल. वापरा, पण त्याची खोड ओळखून. बिजागरीकडची बाजू नेहमी जास्त दाबली जाते आणि चकती एकीकडे पातळ, दुसरीकडे जाड होते. म्हणून हलकं दाबा, कागदासकट चकती अर्धी फिरवा, पुन्हा दाबा. मला त्याहून भरवशाची वाटते ती आइस्क्रीमच्या काड्यांची युक्ती. ओट्यावर कागदाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन काड्या एकावर एक ठेवायच्या. एक काडी साधारण दोन मिलिमीटरची, म्हणजे उंची झाली चार. मधे गोळा, वर कागद, त्यावर चॉपिंग बोर्ड. लाकूड काड्यांना टेकेपर्यंत सरळ खाली दाबा. चकती बारा सेंटिमीटरच्या आसपास पसरते आणि भाजून आक्रसल्यावर बरोबर बनएवढी राहते. कडेला बारीक चिरा पडल्या तर पडू द्या, त्याच पुढे कुरकुरीत होतात. चीर मधोमध पोचली असेल तर मात्र बोटाने सांधून घ्या, नाहीतर उलटताना दोन तुकडे होतील.

मग कागदासकट सपाट ताटात एकेरी थरात फ्रीजरमधे. आधी एकावर एक रचाल तर खालच्या वाकतील, आणि वाकडी गोठलेली चकती तव्याला पूर्ण टेकत नाही. रात्रभर ठेवा. कडक झाल्या की खुशाल रचा आणि पिशवीत हवाबंद करा, महिनाभर चांगल्या राहतात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज तासन् तास जाते. चकत्या मऊ पडलेल्या पण अजून फ्रिजइतक्या गार असतील तर त्या दिवशीच त्यांची खिमा-भाजी करून संपवा, परत गोठवू नका. गार राहिल्या नसतील तर टाकून द्या.

गोठवल्याने चकतीला फुगायला आणि वाकायला वेळ मिळत नाही. खालची बाजू खरपूस होते तोवर वरची अजून गारच असते, म्हणून एवढी पातळ असूनही ती पूर्ण वाळत नाही.

बाकीची तयारी किरकोळ. पाववाल्याकडचा उंडा, म्हणजे गोव्यातला गोल पाव, इथे चालत नाही, त्याची कड कडक, खिमा बाहेर ढकलला जातो. मऊ बर्गर बन घ्या, बिनतिळाचा मिळाला तर उत्तम. सुक्या कांद्याचा चुरा पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्या. गुजरातेत महुव्याला असा कांदा मोठ्या प्रमाणावर सुकवतात, तो बाजारात मिळतो. ताजा कांदा त्या चवीचा लागत नाही. लोणच्यासाठी काकडीच्या पातळ चकत्या, मीठ, साखर आणि थोडं पाणी घातलेलं माडाचं व्हिनेगर, दोन तास. केचप कुठलाही. मोहरीचं सॉस पिवळं, सौम्य घ्या.

तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी. नॉनस्टिकवर हे होत नाही आणि त्याला इतकं तापवूही नये. तेलाचा बोळा फिरवा, धूर दिसू लागेपर्यंत मोठ्या आचेवर तापवा. आधी बन चिरून त्यांच्या आतल्या बाजू तव्यावर कोरड्याच दाबून तपकिरी करून घ्या. लोणी नको. भाजलेला थर रस अडवतो, बन चिखल होत नाही.

फ्रीजरमधून एका वेळी दोनच चकत्या काढा. आपल्या दमट हवेत त्यांना मिनिटात घाम फुटतो. कागद चिकटतो आणि ते पाणी गरम तव्यावर उडतं. कागद सोला, चकती टाका आणि सपाट कलथ्याने दहा सेकंद दाबून धरा. त्यानंतर दाबायचं नाही, दाबाल तेवढी चरबी तव्यावर जाईल. कड करडी होत वर चढते, मग वरच्या पृष्ठावर लालसर थेंब उमटू लागतात. साधारण दीड मिनिट. हे थेंब दिसल्याशिवाय उलटायचं नाही. धारदार लोखंडी कलथा तव्याला घासून खाली सरकवा, पापुद्रा चकतीबरोबर यायला हवा. उलटा, भाजलेल्या बाजूवर मीठ-मिरी टाका, चीज हवं असेल तर स्लाइस ठेवा. आणखी मिनिटभर. आत गुलाबी काही उरता कामा नये, खिम्याच्या बाबतीत यात तडजोड नाही. पुढच्या जोडीआधी तवा खरवडा आणि पुन्हा धुरावर येऊ द्या. गोठलेलं मांस तवा थंड करतं.

वरच्या बनला आतून मोहरीचे चार-पाच थेंब, केचप, चिमूटभर कांदा, काकडीच्या दोन चकत्या. त्यावर मांस, वर तळाचा बन, आणि सगळं उलटं करा. आता बटर पेपरमधे घट्ट गुंडाळून दोन मिनिटं ठेवा. हे टाळू नका. बन वाफेने मऊ पडतो, कांदा-मोहरीचा वास मांसात उतरतो, आणि फास्टफूडची ती ओळखीची चव इथेच येते. त्याहून जास्त मात्र थांबू नका. मटणाची चरबी गार झाली की टाळूला चिकटते. सगळ्यांचे एकदम वाढायच्या नादी लागू नका, तव्यावरून जोडी उतरेल तशी ज्याच्या त्याच्या हातात द्या.