कंबर धरलीय? मास्तर-मॅडम लोकांनो, या चुका टाळा

आमच्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा फिरून आले आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात खाली पडलेला डस्टर उचलायला वाकले ती वाकलेलीच राहिले. उसण भरली. पोरं हसायलीत आणि मी फळा धरून उभी. घरी आले तर सासूबाई गल्लीतल्या पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाला बोलवायच्या तयारीत, त्याची लाथ कंबरेत बसली की उसण उतरते म्हणे. कशीबशी सुटले बाई. आधीच दुखतंय त्यावर लाथ कशाला, आणि कुणाकडून कंबर कडाकड मोडूनही घेऊ नका.

पण खरी चूक मी त्यानंतर केली, सलग 8 दिवस पलंगावर पडून राहिले. वाटलं आराम केला की बरं होईल, झालं उलटंच, अंग एवढं आखडलं की बाथरूमला जायचं म्हटलं तरी भिंत धरावी लागायची. डॉक्टरांनी सांगितलं की फारच दुखत असेल तर एक-दोन दिवस पडा, पुढं जमेल तसं हिंडाफिरायला लागा, कारण झोपून स्नायू अजून ढिले पडतात. साधी कंबरदुखी बहुतेकांची 6 आठवड्यांत बरीच कमी होते. मी आधी घरातल्या घरात फेऱ्या मारल्या, मग संध्याकाळी कंबर तलावाकडं चालायला लागले (नाव बघा, आमच्यासाठीच ठेवलंय जणू).

आता मूळ दुखणं, वह्या. 55 पोरांच्या वह्या सतरंजीवर मांडी घालून, मान खाली, पाठीचं धनुष्य करून तास-दीड तास तपासायच्या, नाहीतर पहिली-दुसरीच्या त्या बुटक्या बेंचांवर प्रत्येक पोरापाशी कंबरेतून वाकत फिरायचं, असं वर्षानुवर्षं केल्यावर कंबर बोलणारच ना. मी आता खुर्ची ओढून पोराशेजारी बसते किंवा त्यालाच टेबलापाशी बोलावते. घरी 15 वह्या झाल्या की उठायचं, पाणी प्यायचं, कुकर लावायचा, परत बसायचं. खुर्चीत पाठीमागं पोकळ वाटत असेल तर आपल्या सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी करून कंबरेपाशी ठेवा, वेगळी महागडी उशी घ्यायची गरज नाही.

उभं राहून शिकवताना पण तेच, 35 मिनिटं खांबासारखं उभं राहू नका, एक पाय प्लॅटफॉर्मच्या पायरीवर ठेवा, थोड्या वेळानं दुसरा. फळ्याच्या खालच्या भागात लिहायचं असेल तर गुडघे वाकवा. वह्यांचा गठ्ठा एका हातात लोंबकळत नेऊ नका, दोन पिशव्या करा. गाडीवरून अलगद उतरा, गठ्ठा अंगाजवळ धरून उचला.

कंबरेचा पट्टा मी पण घेतला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल ज्या सूचना काढल्या त्यात पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरायचा उपचार) नेहमीचा उपाय म्हणून नको असं सांगितलंय, व्यायाम आणि नीट माहिती देणं यावर भर आहे. माझा पट्टा आता कपाटात आहे.

एमआरआयचं पण तेच. उठसूट काढू नका, पन्नाशीतल्या काहीच न दुखणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांच्या एमआरआयमध्येसुद्धा मणक्यांमधली गादी फुगलेली दिसते, रिपोर्ट वाचून माणूस उगाच घाबरतो आणि हलायचंच बंद करतो. मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅकसारखी दुखण्यावरची गोळी आणून उपाशीपोटी गिळणं तर अजिबात नको, अल्सर, किडनी किंवा बीपीचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नका.

हे सगळं साध्या दुखण्याचं झालं. दुखण्याबरोबर ताप येत असेल, वजन उगाच घटत असेल, कुठं आपटून पडल्यानंतर दुखायला लागलं असेल किंवा आधी कधी कॅन्सर झाला असेल तर घरी वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि बसायच्या जागी, मांड्यांच्या मध्ये बधिर वाटलं, लघवी अडकली किंवा संडास-लघवीवरचा ताबा गेला, पायातली ताकद जायला लागली तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी त्याच वेळी हॉस्पिटल गाठा, उद्या पहिला तास कोण घेणार ते मुख्याध्यापक बघतील.