एलएपीएलवरून पीपीएलकडे: आधी डॉक्टर, मग विमान

आमच्या फ्लाइंग क्लबात सभासदांचे कागद बघायचं काम माझ्याकडे आहे. एलएपीएल म्हणजे हलकी विमानं उडवायचा मर्यादित परवाना, पीपीएल म्हणजे त्याच्या पुढचा, खाजगी वैमानिकाचा परवाना. हंगाम सुरू झाला की कुणीतरी विचारतंच, "एलएपीएल आहे माझ्याकडे, पीपीएलला अजून किती तास लागतील?" मी उलट विचारतो, "वय किती तुमचं? चष्मा आहे?" तास उडून भरता येतात, मेडिकलचं, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्राचं, तसं नसतं.

ईएएसए या युरोपातल्या हवाई सुरक्षा संस्थेच्या नियमांबद्दल बोलतोय. एलएपीएलवर एका इंजिनाचं, २००० किलोपर्यंतचं विमान आणि फार तर तीन प्रवासी. हा परवाना आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, मापाचा नाही, त्यामुळे ईएएसए देशांबाहेर तो चालेल असं धरून चालू नका. बाहेर जायचंय किंवा पुढे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडायची मुभा) हवंय, तर पीपीएल घ्याच. फक्त रात्री उडायचं असेल तर नाइट रेटिंग एलएपीएलवरही मिळतं, त्यासाठी एवढा खटाटोप नको.

आता मेडिकल. एलएपीएलचं प्रमाणपत्र चाळिशीपर्यंत ६० महिने आणि नंतर कायम २४ महिने चालतं. पीपीएलला 'क्लास २' दर्जाचं मेडिकल लागतं. तेही चाळिशीपर्यंत ६० महिने, चाळीस ते पन्नास २४, पन्नाशीनंतर मात्र दरवर्षी. लोक फसतात ते वयाच्या सीमेवर. एकोणचाळिसाव्या वर्षी तपासणी केली म्हणून पाच वर्षं मिळत नाहीत, बेचाळिसावा वाढदिवस झाला की प्रमाणपत्र संपतं. साडेएकोणपन्नासाव्या वर्षी काढलेलं क्लास २ एक्कावन्न पूर्ण होताच संपतं, म्हणजे हातात दीडच वर्ष. पन्नाशी ओलांडलेल्या आणि आपल्याच धावपट्टीच्या आसपास फिरणाऱ्याला मी तरी दरवर्षीची ही वारी मागे लावून घ्यायला सांगणार नाही.

क्लास २ साठी थेट एअरोमेडिकल परीक्षकाकडे, म्हणजे वैमानिकांची तपासणी करणाऱ्या अधिकृत डॉक्टरकडे जा. एलएपीएलचं मेडिकल काही देशांत फॅमिली डॉक्टर देऊ शकतात, क्लास २ चं तसं नाही. चाळिशीनंतरच्या पहिल्या तपासणीत ईसीजी होतो, पन्नाशीनंतरच्या पहिल्या तपासणीत पुन्हा आणि मग दर दोन वर्षांनी. नजर चष्म्यासकट प्रत्येक डोळ्याची निदान ६/१२ आणि दोन्हींची मिळून ६/९ हवी. चष्मा नेताना जादाचा जोडही न्या. लांबच्या नजरेसाठी चष्मा लागत असेल तर प्रमाणपत्रावर 'व्हीडीएल' छापून येतं. त्याचा अर्थ उडताना चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा जोड हाताशी. रात्री उडायचा विचार असेल तर ठिपक्यांच्या पाट्यांवरचे आकडे ओळखण्याची रंगचाचणीही त्याच दिवशी उरकून घ्या. रोजच्या गोळ्या, जुनं ऑपरेशन, पूर्वी कुणी नाकारलेलं मेडिकल, सगळं फॉर्मवर लिहा. लपवलेलं पुढे निघालं की आजारापेक्षा लपवणंच महागात पडतं.

क्लास २ हातात आलं की मगच तासांचा हिशोब मांडा. एलएपीएल मिळाल्यानंतरचे किमान १५ तास लागतात. त्यातले १० मान्यताप्राप्त संस्थेच्या अभ्यासक्रमातले, आणि त्या दहांत निदान ४ तास देखरेखीखाली एकट्याने. त्या चारांतले २ तास क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे आपला विमानतळ सोडून लांब जाण्याचे, त्यात एक फेरी किमान २७० किलोमीटरची आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरायचं. उरलेले ५ तास तुमचे तुम्ही उडलात तरी चालतात, तेवढ्यासाठी शिक्षकाचे पैसे भरू नका. लेखी परीक्षा पुन्हा नाही, स्किल टेस्ट, म्हणजे विमान उडवून दाखवायची परीक्षा, मात्र द्यावी लागते. लांबच्या फेरीचा दिवस ठरवताना हवामानाला दोन-तीन पर्यायी तारखा ठेवा, अभ्यासक्रम रखडतो तो बहुतेक इथेच.

मेडिकलचं नूतनीकरण मुदत संपायच्या आधीच्या ४५ दिवसांत करा, म्हणजे नवी मुदत जुन्या तारखेपासून धरली जाते. त्याआधी गेलात तर ती तपासणीच्या दिवसापासून सुरू होते आणि मधले दिवस बुडतात.

उलट दिशेनेही जाता येतं. प्रमाणपत्रावर क्लास २ आणि एलएपीएल यांच्या तारखा वेगवेगळ्या ओळींत असतात. पंचावन्न वर्षांच्या पीपीएलवाल्याची क्लास २ ची ओळ वर्षात संपली तरी एलएपीएलची आणखी वर्षभर जिवंत असते. तेवढ्यावर तो एलएपीएलच्या मर्यादेत उडू शकतो: २००० किलो, तीन प्रवासी आणि ईएएसए देशांच्या आत. सिंगल इंजिन रेटिंगची (परवान्यावरच्या एका इंजिनाच्या विमानाच्या मुभेची) दोन वर्षांची मुदत मात्र स्वतंत्रपणे सांभाळावी लागते.