इंग्लंडात सोशल वर्कर व्हायचंय? आधी फील्डवर्कची वही शोधा

आपल्याकडे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स पदवी झाली, एखाद्या दवाखान्यात नाहीतर संस्थेत चिकटलं, की झालो सोशल वर्कर. वकिलांना बार कौन्सिल आहे, नर्सना नर्सिंग कौन्सिल. सगळ्याच सोशल वर्करसाठी देशपातळीवर अशी वेगळी कायदेशीर कौन्सिल नाही. इंग्लंडात मात्र हे पदनाम राखीव आहे. 'सोशल वर्क इंग्लंड' या तिथल्या नियामक संस्थेच्या रजिस्टरमध्ये नाव नसताना लोकांना फसवायला ते लावलं, तर गुन्हा. दहा वर्षं वॉर्डात काढूनही लीड्सला आल्यावर मी आधी सपोर्ट वर्कर, म्हणजे मदतनीसच होते.

स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडची रजिस्टरं वेगळी. नोकरी जिथे, अर्ज तिथे. आणि डिसेंबर २०१९ च्या आधीची माहिती वाचूच नका, तेव्हा हे काम दुसऱ्या संस्थेकडे होतं.

खरं घोडं अडतं फील्डवर्कपाशी. तिथला विद्यार्थी २०० दिवस प्रत्यक्ष कामाचं शिक्षण घेतो, आणि आपल्या मार्कशीटवर फील्डवर्क म्हणजे एक ओळ आणि पुढे मार्क! म्हणून तुमच्याच बॅचचा सिलॅबस, तास आणि संस्थांची पत्रं कॉलेजच्या शिक्क्यानिशी घ्या, तीही विमानात बसण्याआधी. माझ्या कॉलेजात उत्तर मिळालं, "मॅडम, इतका जुना सिलॅबस कोण ठेवतं?" शेवटी तो एका वर्गमैत्रिणीच्या माळ्यावर सापडला, लोणच्याच्या बरण्यांमागे.

अर्जात अनुभव लिहिताना 'समुपदेशन केले' एवढ्यावर भागवू नका. टीबी वॉर्डातल्या आजींना घरचे न्यायला येईनात. तेव्हा धोका काय दिसला, आजींना स्वतःला काय हवं होतं, तुम्ही काय ठरवलं, का ठरवलं, हे लिहा. आपल्याला 'आम्ही' लिहायची खोड असते. तिथे 'मी' लिहायचं.

पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी: हा घोळ बघून परदेशी माणूस चक्रावतोच. विवाह नोंदणीचा इंग्रजी दाखला सोबत जोडा.

रजिस्टरमध्ये नाव लागलं म्हणजे सुटलात असं नाही. दरवर्षी १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबरमध्ये फी भरून नूतनीकरण, शिवाय वर्षात काय शिकलात त्याच्या दोन नोंदी. त्यातली एक सहकाऱ्याशी चर्चा करून लिहिलेली. चुकलं तर नाव निघू शकतं. ऐन दिवाळीत हे हमखास विसरतं, म्हणून मी गौरी-गणपती उरकले की लगेच लॅपटॉप उघडते.