गोव्यातील गुलाब: छाटणीपासून फुलापर्यंतचा दीड महिना

गोव्यात गुलाब होत नाही, असे पुष्कळांच्या तोंडून ऐकू येते आणि ते सर्वस्वी चुकीचेही नाही. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, बाराही महिने दमट हवा, जांभ्याची आम्ल माती आणि किनारपट्टीवरचा खारा वारा यांपैकी एकही गोष्ट गुलाबाला मानवणारी नाही. तरीही पाऊस ओसरल्यापासून शिगम्यापर्यंतचे जे चार-पाच महिने मिळतात, ते नीट वापरले तर अंगणातल्या दोन-चार झाडांवर फुलांचे तीन बहर घेता येतात. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की गुलाबाचे फूल साधारण कोणत्या आठवड्यात उमलावे हे आधी ठरवता येते. मोगरा किंवा सुरंगी आपल्या मर्जीने फुलते. गुलाब छाटणीच्या तारखेला बांधलेला असतो. एकदा ती तारीख ठरली की पुढचा दीड महिना रोज सकाळी झाडावर पाहण्यासारखे काहीतरी नवे असते, आणि मला स्वतःला गुलाब लावण्याचे खरे सुख या वाट पाहण्यातच वाटते.

जागा, माती आणि कलम

गुलाबाला दिवसातून किमान सहा तास ऊन हवे, आणि गोव्यात ते सकाळचे असावे. हिवाळ्यात पानांवर पडणारे दव जितक्या लवकर सुकेल तितके काळ्या ठिपक्यांच्या रोगाला कमी वाव मिळतो, म्हणून घराची पूर्वेकडची बाजू मोकळी असेल तर तीच निवडावी. माडाच्या किंवा फणसाच्या सावलीत झाड जगते, पण फुलत नाही. समुद्रालगतच्या घरांत वाऱ्याच्या बाजूला कुंपण किंवा दाट झुडपांची आड असावी. तिथल्या काही विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते, ते गुलाबाला घालू नये. खाजनाची (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीची) खारी माती भरावासाठी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

जांभ्याच्या मातीतून पाण्याचा निचरा चांगला होतो, परंतु तिच्यातील लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात आणि झाडाला तो मिळू देत नाहीत. म्हणून ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन त्यात निम्मी माती, निम्मे चांगले कुजलेले शेणखत आणि दोन-तीन मुठी हाडांचा चुरा मिसळावा. हाडांचा चुरा आम्ल मातीत हळूहळू विरघळतो आणि पुढे कित्येक महिने कामी येतो. त्यासोबत मूठभर कडुनिंबाची पेंड घातल्यास मुळांजवळच्या किडी काही प्रमाणात आवरतात. गुलाबाला ६ ते ६.५ सामू (मातीची आम्लता दाखवणारा अंक, पीएच) सर्वांत मानवतो. आपली माती त्याहून बरीच आम्ल असेल तर लागवडीच्या काही आठवडे आधी चुना किंवा डोलोमाइट मिसळावे, मात्र किती हे अंदाजाने न ठरवता कृषी खात्यामार्फत मातीची तपासणी करून घ्यावी. वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच असला पाहिजे. जुलैमध्ये झाड तगेल की मरेल हे या एका फुटावर ठरते.

गोव्याच्या रोपवाटिकांत आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणारी कलमे बऱ्याचदा घाटावरून आलेली असतात आणि त्यांच्या मुळांभोवती चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. हा गोळा तसाच पुरला तर भोवतालच्या भुसभुशीत जांभ्याच्या मातीत तो वेगळाच राहतो. पावसात चिंब होऊन मुळे कुजतात आणि उन्हाळ्यात विटेसारखा टणक होतो. कलम घरी आणल्यावर पिशवी कापून गोळा अर्धा तास पाण्यात ठेवावा, बाहेरची माती बोटांनी अलगद सोडवावी आणि मगच लावावे. कलमाचा डोळा (फूट येणारी कळी) खुंटावर, म्हणजे मुळे असलेल्या खालच्या झाडावर, जिथे भरलेला असतो ती गाठ मातीच्या वर दोन बोटे राहील, असे पाहावे. गाठीच्या खालून येणारी फूट खुंटाची असते. ती फार जोमाने वाढते आणि वरचे कलम उपाशी ठेवते, म्हणून दिसताच मुळापासून ओढून काढावी.

जातींबद्दल फार लिहीत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने अंगणात पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलेला गुलाबी, सुवासिक गावठी गुलाब आधी लावावा, कारण तो येथील पाऊस सोसतो. त्यानंतर १९५४ साली बाजारात आलेली, उंच आणि काटक अशी गुलाबी ‘क्वीन एलिझाबेथ’ किंवा गडद लाल ‘ग्लॅडिएटर’ घ्यावी. ‘डबल डिलाइट’ थोडी नाजूक आहे, पण तिची एक गंमत पाहण्यासारखी आहे: तिच्या सायीच्या रंगाच्या पाकळ्यांना उन्हात लाल रंग चढतो, त्यामुळे सकाळी कडेपुरते लाल असलेले फूल दोन दिवसांनी बरेचसे लाल झालेले आढळते.

छाटणीचा दिवस कसा ठरवावा

आपल्याकडच्या हवेत छाटणीपासून फुलापर्यंत साधारण ४५ दिवस लागतात. भरगच्च पाकळ्यांच्या जातींना चार-सहा दिवस अधिक आणि झुपक्यांनी फुलणाऱ्या जातींना थोडे कमी लागतात. म्हणून ज्या दिवशी फूल हवे तो दिवस धरून उलटे मोजावे. नाताळात, म्हणजे २५ डिसेंबरला फुले हवी असतील तर १० नोव्हेंबरच्या सुमारास छाटणी करावी. ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्तासाठी शेजारच्या घरी फुले द्यायची असतील, तर १९ ऑक्टोबरचा दिवस धरावा. तिथीने मोजण्याची सवय ज्या घरांत अजून आहे, त्यांना हिशेब आणखी सोपा जातो: अमावास्येला छाटलेले झाड पुढची एक पौर्णिमा सोडून त्यानंतरच्या पौर्णिमेच्या आसपास फुलते. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला छाटणी केली तर दत्तजयंतीला देवासमोर घरचा गुलाब ठेवता येतो.

मात्र पाऊस संपल्याची खात्री झाल्याशिवाय कात्री उचलू नये. ज्या वर्षी आश्विनाआधी अधिक मास येऊन गेलेला असतो, त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतो आणि तोवर पावसाने बहुधा माघार घेतलेली असते. इतर वर्षी दसऱ्यालाही संध्याकाळी गडगडाटासह सरी कोसळतात आणि कोवळी फूट काळी पडते. सलग आठवडाभर कोरडा गेला, की छाटणीस हरकत नाही. अनेक झाडे असतील तर सगळी एकाच दिवशी न छाटता दहा-दहा दिवसांच्या अंतराने छाटावीत, म्हणजे फुलांचा काळ लांबतो आणि एका झाडाकडे पाहून दुसऱ्यावर काय होणार याचा अंदाज येत राहतो.

सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) चांगली धार असावी आणि प्रत्येक झाडानंतर पाते स्पिरिटने पुसावे. प्रथम वाळलेल्या, काळवंडलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. मग चार-पाच निरोगी फांद्या ठेवून त्यांची उंची सुमारे अर्ध्यावर आणावी. थंड प्रदेशातील पुस्तकांत सांगतात तशी वीतभर उंचीवर छाटणी येथे करू नये. उष्ण हवेत झाडाला जुन्या फांद्यांतील साठा लागतो. गावठी गुलाबाच्या तर केवळ वाळक्या काड्या काढल्या तरी पुरते. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर अर्धा सेंटिमीटर, डोळ्याच्या उलट बाजूला उतरता घ्यावा. कापलेल्या तोंडाचा गर पांढरट-हिरवा दिसला पाहिजे. तपकिरी ठिपका दिसला तर तो नाहीसा होईपर्यंत खाली कापत जावे, कारण फांदी वरून खाली वाळत जाण्याच्या रोगाची ती खूण असते. त्यावर लगेच बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावावी. एक लिटर पाण्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून, प्लॅस्टिकच्या भांड्यात एकत्र करून ती घरी करता येते. ज्यांच्या कुळागरात (माड-पोफळींच्या बागेत) पोफळींवर पावसाआधी बोर्डोची फवारणी होते, त्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

छाटणीनंतर झाडाभोवतालची माती वरवर हलवून दोन ओंजळी शेणखत किंवा गांडूळखत घालावे, आळे करून भरपूर पाणी द्यावे आणि वर सुक्या पानांचे आच्छादन घालावे. मुळे उघडी करून ऊन दाखवण्याची पद्धत उत्तरेकडे आहे. गोव्यात तिची गरज नाही.

या पंचेचाळीस दिवसांत काय पाहावे

पहिला आठवडा झाडावर काहीच घडत नाही असे वाटते, पण रोज सकाळी कापाखालच्या डोळ्याकडे नीट पाहावे. आठव्या-दहाव्या दिवशी फांदीला चिकटलेली ती बारीक तांबूस रेघ फुगून वर येते आणि तिचे टोक फांदीपासून सुटते. वरचे दोन-तीन डोळे एकदम जागे झाले तर मजबूत असलेला ठेवून आतल्या बाजूला वळणारा बोटाने खुडावा. पुढच्या पंधरा दिवसांत येणारी पालवी लालसर, तुकतुकीत आणि इतकी कोवळी असते की काटेही बोटाखाली दबतात. माझ्या मते फुलाखालोखाल गुलाबाची हीच अवस्था सर्वांत देखणी, आणि नेमक्या याच वेळी मावा (रस शोषणारी बारीक कीड) शेंड्यावर जमतो. थोडा असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावा. वाढला तर संध्याकाळी निंबोळी अर्क फवारावा.

पान लाल असते तोवर खत घालण्याची घाई करू नये. ते हिरवे होऊ लागले, म्हणजे साधारण तिसऱ्या आठवड्यात, शेणाचे किंवा शेंगदाणा पेंडीचे आंबवून पातळ केलेले पाणी आठवड्यातून एकदा द्यावे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात शेंड्याच्या पानांत मटाराच्या दाण्याएवढी कळी दिसते. काही शेंडे कळी न धरताच थांबतात. त्यांना वांझ फूट म्हणतात. अशी फूट दोन पानांवर खुडली तर तिथून नवी येते. मोठे एकेरी फूल हवे असल्यास मधल्या कळीच्या बाजूच्या कळ्या लहान असतानाच काढाव्यात, पण झुपक्यांच्या जातीत उलट मधली कळी काढावी, म्हणजे बाकीच्या एकदम उमलतात.

शेवटचे आठ-दहा दिवस सर्वांत लांबतात. कळीचा देठ उंचावतो, तिला वेढलेल्या हिरव्या दलांमध्ये बारीक फट पडते आणि त्या फटीतून रंगाची एक रेघ दिसू लागते. नंतर ती दले एकेक करून मागे वळतात, आणि सगळी वळली की दोन दिवसांत फूल येते. या काळात पाणी बुंध्याशी द्यावे, कळीवर पडू देऊ नये. सततच्या ओलीने बाहेरच्या पाकळ्या चिकटून कळी न उमलताच तपकिरी पडते. डिसेंबर-जानेवारीत थंड रात्रींनंतर कोवळ्या पानांवर आणि देठावर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारे गंधक फवारावे. हवा तापल्यावर गंधकाने पाने करपतात, म्हणून मार्चनंतर ते वापरू नये.

फूल घरात ठेवण्यासाठी कापायचे असेल तर सूर्य वर येण्याआधी, एक-दोन पाकळ्या सुटल्या असताना कापावे आणि देठ तत्काळ पाण्यात बुडवावा. सुवासही त्या वेळी अधिक असतो, उन्हाने तो उडून जातो. काप नेहमी पाच पर्णिका असलेल्या निरोगी पानाच्या वर घ्यावा. तेथून पुन्हा साधारण सहा आठवड्यांनी फूल येते, त्यामुळे नाताळचा बहर कापणाऱ्याला फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दुसरा आणि मार्चच्या मध्यानंतर, शिगम्याच्या दिवसांत, तिसरा बहर मिळतो. झाडावर सुकलेली फुलेही अशीच काढत राहावीत.

एप्रिल ते सप्टेंबर

एप्रिलपासून फुले लहान होतात आणि फुलकिड्यांमुळे पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या दिसतात. या दोन महिन्यांत झाडाकडून फुले घेण्याचा हट्ट सोडावा. कळ्या खुडून टाकाव्यात, खत थांबवावे, नारळाची सोडणे (काथ्याची साले) बुंध्याभोवती पालथी मांडावीत आणि सकाळी पाणी द्यावे.

जूनच्या पहिल्या सरींनंतर झाड पुन्हा जोमाने फुटते. कुंड्या पागोळ्यांखालून हलवून सोप्याच्या (ओसरीच्या) कडेला, जिथे ऊन मिळेल पण धार पडणार नाही, अशा जागी ठेवाव्यात. गळालेली ठिपक्यांची पाने रोज वेचून अंगणाबाहेर टाकावीत. पावसातले फूल विरळ पाकळ्यांचे असते आणि एक-दोन दिवसच टिकते, तरीही श्रावणातल्या आयतारपूजनाला (रविवारच्या पूजेला) किंवा गणेश चवथीला गावठी गुलाबाची दोन फुले मिळाली तर तेवढ्यासाठी झाड हलके खुडायला हरकत नाही.

याच दिवसांत गावठी गुलाबाच्या काड्या सहज मुळे धरतात. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, तीन-चार डोळ्यांची काडी घेऊन तिचा खालचा निम्मा भाग वाळू आणि मातीच्या मिश्रणात खोचावा आणि कुंडी सावलीत ठेवावी. पाने आली म्हणून मुळे आली असे समजू नये. महिना-दीड महिन्यानंतर काडी हलकेच ओढून पाहावी, ती घट्ट बसलेली जाणवली तरच वेगळ्या कुंडीत हलवावी. ऑक्टोबरमध्ये तिच्यावर पहिली कळी दिसेल, ती खुडावी आणि नाताळानंतर येणारी राहू द्यावी.