एस्थर डेव्हिड वाचायला घेताना

एम.ए.च्या शोधनिबंधासाठी समकालीन ज्यू कादंबरीकार निवडायचा म्हटला की विद्यार्थी बहुधा अमेरिका नाहीतर इस्रायलकडे वळतात. मी एस्थर डेव्हिड घेतल्या. जन्म १९४५चा, अहमदाबादचा, लेखन इंग्रजीत, पण घराणं कोकणातल्या बेने इस्रायलांचं, म्हणजे तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. त्यांच्यावर काम करायचं मनात असेल तर मला उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगते.

पुस्तकं प्रकाशनाच्या क्रमाने वाचायचा हट्ट धरू नका. 'द वॉल्ड सिटी' (१९९७) ही त्यांची पहिली कादंबरी. जुन्या अहमदाबादेतल्या ज्यू कुटुंबातल्या तीन पिढ्यांच्या बायका त्यात आहेत. कादंबरी चांगलीच आहे, पण नवख्या वाचकाची नात्यागोत्यांतच दमछाक होते. त्यापेक्षा 'बुक ऑफ रेचेल' (२००६) आधी घ्या. साहित्य अकादमीचा २०१०चा पुरस्कार याच पुस्तकाला मिळाला. समुद्राकाठच्या दांडा गावात एकटी राहणारी रेचेल, इस्रायलला गेलेली मुलं, माणसांअभावी ओस पडलेलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि त्या जागेवर डोळा ठेवून असलेली मंडळी. कोकणात जमिनींचं काय चाललंय हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

या कादंबरीत प्रकरणाच्या सुरुवातीला पाककृती येते. अनेक जण ती ओलांडून पुढे जातात. तसं करू नका, कारण माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. कोकणात नारळाच्या रसाने ती अडचण परस्पर सोडवली. म्हणून मटणाच्या रश्शात दह्याऐवजी नारळ, ज्यू नव्या वर्षाच्या गव्हाच्या चिकाच्या हलव्यातही नारळाचंच दूध. पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि फळं घालून केलेला मलिदा एलियाहू हनबी या ज्यू संदेष्ट्याच्या नावाने ठेवतात. ज्यांच्यासाठी रांधायचं ती माणसंच निघून गेल्यावर रेचेल तेच पदार्थ करत राहते. मग पाककृती ही सजावट उरत नाही, कथानकच होते. माझ्या निबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण यावरच झालं.

दुसरं पुस्तक उघडण्याआधी बेने इस्रायल समाजाची थोडी ओळख करून घ्या. नवगावजवळ जहाज फुटून सात जोडपी वाचली, ही त्यांची मूळकथा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद ठेवायचे, म्हणून 'शनवार तेली' हे नाव. रोहेकर, पेणकर, नागावकर ही आडनावं तर गावांवरूनच आलेली. एवढं माहीत असलं की 'बुक ऑफ एस्थर' (२००२) सोपी जाते, कारण ती दांड्यापासून अहमदाबादपर्यंत पिढ्यांमागून पिढ्या सरकते.

या कादंबरीच्या शेवटच्या भागातल्या निवेदिकेचं नावही एस्थरच. म्हणून कादंबरीला आत्मचरित्र समजून तपशील उचलू नका, परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच टाकतात. लेखिकेचे वडील रूबेन डेव्हिड यांनी अहमदाबादचं कांकरिया प्राणिसंग्रहालय उभं केलं, त्यांना पद्मश्री मिळाली, हे चरित्र झालं. कादंबरीतला बाप त्यांच्यासारखा दिसला तरी पात्र म्हणूनच वाचायचा. एस्थर डेव्हिड बडोद्याला शिल्पकला शिकल्या, कलासमीक्षाही केली. पुस्तकांतली स्वतः काढलेली चित्रं मजकुराइतकीच नीट बघा.

जमलं तर अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग किंवा अहमदाबादचं १९३४ सालचं मागेन अब्राहम पाहून या. आधी विचारून जा, पुरुषांनी डोकं झाका, शनिवारी वही-कॅमेरा घेऊन उभे राहू नका. आणि तिथल्या ज्यू मंडळींनी घरी चहाला बोलावलं तर 'तुम्ही इस्रायलला कधी जाणार?' हा प्रश्न टाळा. तो त्यांना आयुष्यभर विचारला गेलाय. त्याऐवजी सणाला काय करता ते विचारा, तासभर तरी सुटका नाही!

'बुक ऑफ एस्थर'नंतर 'शालोम इंडिया हाउसिंग सोसायटी' (२००७) वाचा. २००२च्या दंगलींनंतर अहमदाबादेतले ज्यू एका वसाहतीत एकत्र राहायला येतात, तिथून ती सुरू होते. कोकण त्यात मागे पडतं, पण मलिदा तिथेही होतोच.