दुःख घरात असताना आनंदाला जागा कशी करावी

आपलं माणूस गेल्यावर बहुतेक जण मनात एक क्रम धरून बसतात: आधी दुःख संपू दे, मग हसू-बोलू. हा क्रमच चुकतो. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलं की शोकातलं माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतं. कधी आठवणीत बुडतं, कधी रोजच्या कामात रमतं. ही ये-जाच सावरण्याची रीत आहे. अडचण येते ती माणूस एकाच टोकाला अडकलं की. (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार या शोकाच्या ‘पाच पायऱ्या’ मनातून काढून टाका. 1969 मध्ये त्या मांडल्या गेल्या तेव्हा आधार होता मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या मुलाखतींचा, मागे राहिलेल्यांचा नव्हे. त्या ओळीने चढायच्या नसतात.)

पहिले काही आठवडे आनंदाच्या मागे लागू नका. फक्त शरीर सांभाळा. झोप कितीही कमी झाली तरी उठायची वेळ एकच ठेवा आणि उठल्यावर अर्धा तास उजेडात बसा किंवा चाला. भूक लागणार नाही, म्हणून दर तीन-चार तासांनी थोडं थोडं खा. अंथरुणात वीसेक मिनिटं तळमळत गेली, तर उठून मंद उजेडात काहीतरी साधं करत बसा. डोळे जड झाले की परत या. छातीत दुखलं किंवा दम लागला, तर ‘दुःखामुळे होत असेल’ म्हणून अंगावर काढू नका. जवळचं माणूस गेल्यावरच्या पहिल्या दिवसांत हृदयविकाराचा धोका खरोखरच वाढतो.

अंगात जरा त्राण आलं की बरं वाटेल अशा छोट्या गोष्टींची यादी करा. दहा-बारा गोष्टी पुरे. मात्र प्रत्येक गोष्ट दहा मिनिटांत होणारी, दुसऱ्या कुणावर अवलंबून नसलेली आणि एखाद्या इंद्रियाशी जोडलेली असावी: ऊन पाठीवर घेणं, झाडांना पाणी घालणं, गरम पाण्यात पाय बुडवणं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणं, खिडकीशी उभं राहून पक्षी ऐकणं. यादी बऱ्या दिवशी लिहून ठेवायची. वाईट दिवशी ‘मला काय आवडतं’ याचं उत्तर सुचत नाही, तेव्हा कागदच कामाला येतो.

रोज एकच गोष्ट, ठरलेल्या वेळी, आधीच्या एखाद्या सवयीला बांधून करा, म्हणजे दात घासून झाले की लगेच. मन लागेल तेव्हा करू म्हटलं तर तो दिवस उगवत नाही. आधी हात चालतात, मन मागून येतं. करण्याआधी आणि नंतर मनाला शून्य ते दहा असे गुण द्या. दोनाचे तीन झाले तरी ते चाललं. तीन-चारदा करूनही काहीच हललं नाही, तर ती गोष्ट खोडा आणि दुसरी घ्या.

इथे फसगत ठरावीक ठिकाणी होते. गेलेल्या माणसासोबत मिळून करायच्या त्या गोष्टी पहिल्याच आठवड्यात निवडल्या तर पोटात कालवतं; त्या यादीच्या तळाशी ठेवा. फोनवर बोट फिरवत बसणं यादीत घेऊ नका, त्यात वेळ जातो पण गुण वाढत नाहीत. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हसल्यावर लगेच येणारी अपराधीपणाची कळ. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गेलेल्या जोडीदाराबद्दल बोलताना जे मनापासून हसले, त्यांना आतली तगमग कमी जाणवत होती. हसणं म्हणजे विसरणं नव्हे. अपराधी वाटलं तर स्वतःशी वाद घालू नका. ‘आली कळ’ एवढंच म्हणा आणि हातातलं काम आणखी अर्धं मिनिट चालू ठेवा. ती ओसरायला वेळ मिळाला पाहिजे. प्रत्येक वेळी काम टाकून पळालात तर पुढच्या वेळी ती आणखी लवकर येते.

रडण्यालाही वेळ द्या. ते दिवसभर दाबून ठेवलं तर रात्री एकदम अंगावर येतं. रोज पंधरा-वीस मिनिटं, एकच जागा, गजर लावून: फोटो बघा, रडा, गेलेल्या माणसाला पत्र लिहा. झोपेच्या आधीचे दोन तास मात्र टाळा. गजर वाजला की तोंड धुवा आणि यादीतली एक गोष्ट करा. ये-जा म्हणतात ती हीच. लिहिण्याने सगळ्यांनाच हलकं वाटतं असं नाही. तीन-चार दिवस लिहून उलट जडच वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा.

गेलेल्या माणसाशी नातं तोडायची गरज नाही. कपडे, वस्तू देऊन टाकायची घाई करू नका. ‘ठेवायचं’, ‘द्यायचं’ आणि ‘आत्ता ठरत नाही’ असे तीन ढीग करा. तिसरा ढीग खोक्यात बंद करून सहा महिन्यांनी उघडा. एका गोष्टीची मात्र घाई हवी: त्यांचा मोबाइल नंबर बंद करण्याआधी आवाजातले संदेश, फोटो आणि व्हिडिओ दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. व्हॉट्सॲपचं खातं 120 दिवस वापराविना राहिलं तर साधारणपणे काढून टाकलं जातं. ‘नंतर बघू’ म्हणता म्हणता आवाज जातो.

‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्याला नेमकं काम सांगा: मंगळवारी सामान आणून दे, किंवा अर्धा तास बस आणि फक्त ऐक. ऐकणारं माणूस आणि कामाचं माणूस वेगळं असलं तरी चालतं.

घरच्या उपायांनाही मर्यादा आहे. सहा महिने उलटूनही जवळजवळ रोजच तितकीच तीव्र ओढ, सुन्नपणा आणि दैनंदिन कामं ठप्प, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘दीर्घकाळ लांबलेला शोक’ ही वेगळी नोंद आहे आणि त्यासाठी खास उपचार आहेत. झोपेसाठी दारू किंवा मनाने घेतलेल्या गोळ्या लागू लागल्या, तर तेवढीही वाट पाहू नका. जीव द्यावा असं मनात आलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, एकटे राहू नका आणि डॉक्टर गाठा.

वाढदिवस, वर्षदिवस असे दिवस कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. पुष्कळदा तो दिवस जेवढा जड जात नाही, तेवढा आदला आठवडा जातो. त्या आठवड्यात नवीन कामं अंगावर घेऊ नका. त्या दिवसासाठी दोन बेत ठेवा, एक माणसांत जाण्याचा आणि एक घरी राहण्याचा. कुठला पाळायचा ते सकाळी ठरवा. माणसांत जाणार असाल तर यजमानाला आधीच सांगून ठेवा, ‘मी मध्येच निघाले किंवा निघालो तर अडवू नका’, आणि परतायला वाहन स्वतःच्या हाताशी ठेवा.