यंदा बर्फ पडणार का? लांब पल्ल्याचा अंदाज वाचायची रीत

वादात उतरण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: आपला प्रश्न किती दिवस पुढचा आहे? न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या पट्ट्यातली निम्मी भांडणं यावरच होतात. एक जण अख्ख्या हिवाळ्याबद्दल बोलत असतो, दुसरा पुढच्या मंगळवारबद्दल, आणि दोघंही एकाच नकाशाकडे बोट दाखवतात.

आधी हंगामी अंदाज. अमेरिकेच्या क्लायमेट प्रेडिक्शन सेंटरचा तीन महिन्यांचा नकाशा दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी येतो. त्यातला रंग किती अंश थंडी पडणार ते सांगत नाही, शक्यता सांगतो. १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींचे तीन भाग पाडतात: थंड, मधला, उबदार. काहीच माहीत नसेल तर प्रत्येकाला ३३ टक्के. नकाशात ‘उबदार ४०’ असेल तर पारडं थोडंसं झुकलंय एवढंच. उरलेले ६० टक्के अजून शिल्लक आहेत. पांढरा भाग ‘सरासरीइतकी थंडी’ असा वाचतात, तेही चूक. तिथे तिन्ही शक्यता सारख्या आहेत.

या टप्प्यावर बर्फाचे इंच विचारूच नयेत. न्यूयॉर्क शहरातल्या सेंट्रल पार्कची हंगामी सरासरी ३० इंचांच्या जवळपास आहे. २०१०-११ हा ला निनाचा हिवाळा, बर्फ ६१.९ इंच, २०११-१२ हाही ला निनाचाच, बर्फ ७.४ इंच. उलट २०१५-१६ मध्ये एल निनो जोरात होता आणि डिसेंबर विक्रमी उबदार गेला, पण जानेवारीतल्या एकाच वादळाने २७.५ इंच टाकले. ‘हिवाळा उबदार जाईल’ म्हणणारा आणि ‘बर्फ भरपूर पडेल’ म्हणणारा, दोघंही त्या वर्षी बरोबर होते.

खरी मजा दोन ते चार आठवड्यांच्या पल्ल्यात आहे. एन्सेम्बलचा ५०० हेक्टोपास्कलचा (साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवरच्या हवेचा) नकाशा उघडा, म्हणजे एकाच संगणकी हवामान मॉडेलच्या थोड्या थोड्या फरकाने चालवलेल्या अनेक आवृत्त्यांची सरासरी. तीन जागा बघा. ग्रीनलंडवर लाल रंग, म्हणजे उच्च दाबाची आडकाठी, आहे का? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाल फुगवटा आहे का? आणि पूर्वेकडे खाली निळा खळगा आहे का? तिन्ही जुळले तर थंडी येते आणि मुक्कामही करते. ग्रीनलंड मोकळं असेल तर वादळ किनाऱ्याला लगटून उत्तरेला सरकतं आणि बर्फाऐवजी पाऊस पडतो.

मग एमजेओचा (मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन) आठ घरांचा आलेख. विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणारा हा ढगांचा पट्टा साधारण ३० ते ६० दिवसांत फेरी पुरी करतो. रेषा ८, १, २ या घरांत आणि मधल्या वर्तुळाबाहेर असेल तर पूर्व अमेरिकेत थंडीला अनुकूल. ४, ५, ६ मध्ये असेल तर स्वेटर कपाटातच राहू द्या. वर्तुळाच्या आत घुटमळत असेल तर तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पोलर व्होर्टेक्सचं, म्हणजे ध्रुवावर खूप उंचीवर फिरणाऱ्या थंड हवेच्या भोवऱ्याचं, नाव निघालं की सगळे हुरळतात. तपासायचं ते असं: १० हेक्टोपास्कल उंचीवर, ६० अंश उत्तरेला, पश्चिमेकडून वाहणारा सरासरी वारा शून्याखाली जाऊन उलटा फिरलाय का? फिरला तरी ती गडबड खालपर्यंत उतरावी लागते. फेब्रुवारी २०१८ मध्ये उतरली आणि महिनाअखेर युरोप गारठला. जानेवारी २०१९ मध्येही वारा उलटला, पण तो परिणाम नीट खाली आलाच नाही; त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये २१.२ अंश सेल्सिअस. म्हणून नुसत्या वरच्या नकाशावर पैज लावू नका. दोन-तीन आठवडे खालच्या थरांवर नजर ठेवा.

इथे एक साधी चाचणी लावा. मॉडेल थंडीची तारीख कोणती सांगतंय, ते लिहून ठेवा. चार दिवसांनी ती तारीख चार दिवस जवळ आली पाहिजे. थंडी कायम बाराव्या दिवशीच दिसत असेल, तर ती वाण्याच्या दुकानातली ‘आज रोख, उद्या उधार’ पाटी आहे.

दहा दिवसांच्या आत आल्यावर बर्फाचे नकाशे फिरू लागतात. जीएफएस हे अमेरिकन मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि सोळा दिवसांपर्यंत जातं, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या रनमध्ये (मॉडेलच्या एका फेरीत) दोन फूट बर्फ सापडतोच. सुटा रन सोडून द्या. युरोपियन एन्सेम्बलच्या ५१ आवृत्त्यांपैकी किती जण तीन इंचांवर जातात, ते मोजा. नकाशाखालची सूचनाही वाचा: बहुतेक नकाशे एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ धरतात. किनाऱ्याजवळच्या ओल्या बर्फात सहा-सात इंचच भरतात. काही नकाशे तर स्लीटचे (गोठलेल्या पावसाचे) खडेही बर्फात जमा करतात. ८५० हेक्टोपास्कलला (साधारण दीड किलोमीटर उंचीवर) शून्याखाली तापमान दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. त्याच्या वर उबदार हवेचा पातळ थर असला तरी खडेच पडतात, आणि तो फक्त हवेच्या उभ्या छेदात दिसतो.

अगदी आदल्या दिवशीही घोळ होतो. जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहराला २० ते ३० इंचांचा इशारा होता. वादळ जरा पूर्वेला सरकलं. लाँग आयलंडच्या पूर्वेला दोन फूट पडले, सेंट्रल पार्कात ९.८ इंच.

वादाचा निकाल लावायचा तर गुण द्या. ‘थंड, ४० टक्के’ म्हणालात आणि थंडी पडली, तर १ मधून ०.४ वजा, उत्तराचा वर्ग ०.३६. काहीच न सांगता ३३ टक्के धरणाऱ्याचा ०.४४. कमी आकडा जिंकतो. थंडी नाही पडली तर तुमचे ०.१६, त्याचे ०.११. ही बेरीज बरेच हिवाळे चालू ठेवावी लागते. एकाच हंगामात नशीबवान माणूसही पंडित दिसतो.

मोजणीचं ठिकाण आधीच ठरवा, सेंट्रल पार्क की न्यू जर्सीतलं नेवार्क. घरी मोजत असाल तर वाऱ्याच्या आडोशाला पांढरी फळी ठेवा आणि सहा तासांत एकदाच साफ करा. दर तासाला झाडलीत तर बर्फाला दबायला वेळच मिळत नाही आणि बेरीज उगाच फुगते.